डावीकडची जागा

केझिकहून पहिली लाँच.
धक्क्यावर तू तिकिटं तीनदा मोजलीस.
दोनच होती.

सव्वीस वर्षं बोल्टनमध्ये,
आणि डोंगर पाहिले ते मोटरवेवरून,
कुणाच्या तरी लग्नाला ग्लासगोला जाताना,
माझ्या बाजूच्या काचेतून.
साडेचारशे मीटर म्हणजे काहीच नाही,
असं तू म्हणाला होतास,
सोफ्यावरून.

लाकडी फाटक. आधी तू, मग मी, मग कडी.
भिंतीपाशी थांबून मला सांगितलंस,
हिच्यात चुना नाही, सिमेंट नाही,
फटींतून वारा जातो म्हणून इतकी वर्षं उभी आहे.
फलकावर वाचलेलं
स्वतःचं असल्यासारखं सांगायची तुझी जुनी खोड.
मी नुसतं हूं म्हटलं.
मला दम लागला होता.

मेंढ्या वाटेतच बसलेल्या.
पिल्लं कोळशासारखी, आया राखेसारख्या.
फाटक दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यानं
विचारलं नसताना सांगितलं,
ही जात काळीच जन्मते
आणि वर्षागणिक पिकत जाते.
तू टोपी काढून त्याला केस दाखवलेस.
तो हसला नाही.
म्हणाला, हो, तसंच.

शेवटच्या कातळाआधी धारेला एक खोलगट बगल आहे.
तिथे तुझा गुडघा बोलला.
बसलास, आणि म्हणालास, जा तू.
दुरून डोंगर साजरे, उगाच नाही म्हणत.
मी म्हटलं, मग मीही नाही जात.
यावर आपण भांडलो,
दबक्या आवाजात, मागून माणसं येत होती म्हणून,
जरी त्यांच्यात मराठी कळणारं
कुणीच नव्हतं.

गेले.
दगड धरत, मध्येच चार पायांवर,
साठीला तीन वर्षं उरलेली बाई.
पुढे तुझी पाठ नाही,
मागून "सावकाश, सावकाश" नाही.
खरं सांगू? बरं वाटलं.
हे तुला अजून सांगितलेलं नाही.

माथ्यावर वारा असा
की कानातले डूल गालावर आपटत होते.
खाली तळं, त्यात बेटं,
आणि लाँच, कुणीतरी घाईघाईत
धावदोरा घालत असल्यासारखी.
एका जोडप्याचा मी फोटो काढला.
मग तो पोरगा म्हणाला, आता तुमचा.
उभी राहिले.
जरा मध्ये या, म्हणाला.
मला वाटत होतं मी मध्येच आहे.
नंतर पाहिलं तर
डावीकडे एका माणसाएवढी जागा सोडलेली,
आणि खांदा तिकडे किंचित कललेला.

मग तू दिसलास.
केशरी जॅकेट, मसुरीच्या डाळीएवढं.
मी दोन्ही हात हलवले.
तू वर पाहिलंच नाहीस.
तू थालीपीठ खात होतास
आणि एक मेंढी तुझ्या तोंडाकडे बघत होती.

उतरले तेव्हा ढोपर खरचटलं होतं,
ते तू पाहिलंस आणि काही बोलला नाहीस.
थर्मासच्या झाकणात चहा ओतलास.
डब्यात माझ्या वाटणीचं दीडच उरलेलं.
अर्धं मेंढीनं खाल्लं, म्हणालास.
मेंढीच्या तोंडाला लोणचं लागलेलं नव्हतं.

परतीच्या लाँचवर तुला फोटो दाखवला.
चष्मा कपाळावर चढवून
तू तो दोन बोटांनी मोठा केलास,
मला नाही, ती रिकामी जागा.
मोठी, आणखी मोठी,
चौकोन चौकोन दिसायला लागेपर्यंत.
हा बघ, म्हणालास, हा केशरी ठिपका. मी.
मी म्हटलं, कुणाची तरी पिशवी असेल.
पिशवी अशी बसते का?
तू तरी कुठे माणसासारखा बसतोस?

गुडघा एव्हाना भोपळ्याएवढा झाला होता.
केझिकचा धक्का येईपर्यंत
वाद मिटला नाही.